नववा महिना: तयारी वेळेत, विसावा मनासारखा

सोनोग्राफीच्या कागदावरची प्रसूतीची तारीख घरातल्या प्रत्येकाला पाठ होते आणि मग सगळे घर त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसते. खरे पाहता ती तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेला अंदाज असतो आणि नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळे थोडीच असतात. 37 आठवडे पूर्ण झाले की बाळ केव्हाही येऊ शकते. तारीख उलटून चार दिवस गेले तरी, तपासण्या व्यवस्थित असतील तर, घाबरण्याचे कारण नसते. म्हणून तयारी तारखेच्या नव्हे, तर 36व्या आठवड्याच्या हिशेबाने करावी, असा माझा आग्रह आहे. कागदपत्रे, पिशवी, गाडी, पैसे आणि सोबतीचे माणूस हे सगळे तोवर मार्गी लागले, तर उरलेले दिवस झोपेला, गप्पांना, आवडीच्या खाण्याला आणि पोटातल्या बाळाला देता येतात. असा निवांतपणा पुढे बरेच महिने वाट्याला येत नाही, त्यामुळे तो मिळवण्यासाठी आधी थोडी धावपळ करावी लागली तरी ती करावी.

माहेरी जाणे आणि दवाखान्यात नाव घालणे

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजूनही बऱ्याच घरांत पाळली जाते. डोहाळजेवण उरकले की मुलगी माहेरी येते, आईच्या हातचे खाते, निवांत झोपते. हे सुख मोलाचे आहेच. अडचण एवढीच होते की सात-आठ महिने ज्या डॉक्टरांनी तपासले, ते दुसऱ्या गावात राहतात आणि प्रसूती नव्या ठिकाणी होते. त्यामुळे माहेरी जायचे असेल तर साधारण 34 आठवड्यांच्या आत जावे, पोहोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या दवाखान्यात नाव घालावे आणि प्रसूतीपूर्वी निदान दोन-तीन तपासण्या त्या डॉक्टरांकडून करून घ्याव्यात. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा दार ठोठावणाऱ्या बाईची माहिती डॉक्टरांना शून्यापासून गोळा करावी लागते, आणि त्या घाईत महत्त्वाची गोष्ट निसटू शकते.

प्रवासासाठी शक्यतो रेल्वेचा खालचा बर्थ घ्यावा. एसटीने जायचे असल्यास मागची बाके टाळावीत, एकटीने जाऊ नये, आणि गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले चालावे, कारण बराच वेळ पाय लोंबते ठेवून बसल्याने सूज वाढते आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. विमानाने जायचे असेल तर कंपनीचे नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचावेत. शेवटच्या आठवड्यांत बहुतेक कंपन्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि पुढे प्रवासच नाकारतात.

सगळे कागद एकाच फायलीत असावेत: माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सर्व अहवाल, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही आणि कावीळ-बी यांच्या तपासण्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा, चालू असलेल्या गोळ्या आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी असेल तर त्याची ठळक नोंद. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ही गोष्ट घरातल्या दोघांना तरी तोंडपाठ असावी, कारण बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत तुम्हाला अँटी-डीचे इंजेक्शन मिळायला हवे.

दवाखाना निवडताना खोली वातानुकूलित आहे का, यापेक्षा काही प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. रात्री डॉक्टर तिथेच असतात की बोलवावे लागतात? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्तपेढी किती लांब आहे? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर नवजात शिशू विभाग तिथेच आहे की दुसरीकडे हलवावे लागेल? आणि कळांच्या वेळी आई, बहीण किंवा नवरा यांपैकी एकाला जवळ थांबू देतात का? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. विश्वासातले माणूस उशाशी असले की बाईला मोठा धीर येतो; जागतिक आरोग्य संघटनाही तिच्या पसंतीचे सोबती जवळ असण्याची शिफारस करते.

सरकारी रुग्णालयात नाव घातले असेल तर 2011 पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी हे सारे मोफत मिळते. साध्या प्रसूतीनंतर 3 दिवस आणि सिझेरियननंतर 7 दिवस जेवणही मिळते. गाडीसाठी 102 आणि तातडीच्या वेळी 108 हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचा लाभ खासगी दवाखान्यात नाव घातलेल्या बाईनेही जरूर घ्यावा. गडचिरोली किंवा मेळघाटासारख्या दुर्गम भागात राहणाऱ्यांनी आशाताईंकडे माहेरघराची चौकशी करावी. आरोग्य केंद्राजवळच्या या घरात प्रसूतीच्या काही दिवस आधीच येऊन राहता येते, त्यामुळे ऐन कळांत नदीनाले ओलांडण्याची वेळ येत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी रजेचा अर्ज आधीच द्यावा. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. तब्येत चांगली असेल तर पुष्कळ जणी शेवटच्या दिवसापर्यंत काम करून सगळी रजा बाळासाठी राखून ठेवतात. त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे, पण प्रसूतीपूर्वीचे दोन आठवडे तरी स्वतःसाठी घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. थकून गेलेल्या शरीराने प्रसूतीला सामोरे जाणे कठीण असते.

बाळाचे कपडे आणि दवाखान्याची पिशवी

बाळाच्या पहिल्या कपड्यांसाठी दुकानात जाण्याआधी घरातले जुने सुती लुगडे किंवा धोतर बाहेर काढावे. वर्षानुवर्षे धुतलेल्या कापडाचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही. काठ आणि जरीचा भाग कापून टाकावा, उरलेल्या कापडाची साधारण मीटरभर लांबी-रुंदीची दुपटी फाडावीत, कडा हाताने बारीक टाक्यांनी दुमडून घ्याव्यात म्हणजे सुटे धागे बाळाच्या बोटांत अडकत नाहीत, आणि उरलेल्या तुकड्यांची लंगोटे शिवावीत. आई किंवा आजी शेजारी बसून हे काम करत असताना दुपार कशी सरते ते कळत नाही, आणि या आठवड्यांतल्या खऱ्या आनंदांपैकी तो एक आहे.

येथे एक खबरदारी मात्र फार आवश्यक आहे. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले कपडे, गोधड्या किंवा थोरल्या भावंडाची झबली तशीच बाळाला वापरू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि अशा बाळाला डांबरगोळीच्या वासातल्या रसायनामुळे तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. सगळे कपडे सौम्य साबणाने दोन वेळा धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत भरून ठेवावेत, आणि त्या कपाटात पुन्हा डांबरगोळी ठेवू नये.

पिशवीत बाळासाठी सहा-सात झबली, डझनभर लंगोटे, दोन टोपडी, पायमोजे, पाच-सहा दुपटी आणि एक उबदार शाल पुरते. तुमच्यासाठी पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे सॅनिटरी पॅड, सैल अंतर्वस्त्रे, कानाला बांधायला रुमाल, चपला, कंगवा, थर्मास, फोनचा चार्जर आणि घरी येतानाचे कपडे घ्यावेत. फाईल, आधार कार्ड, विम्याचे कार्ड आणि थोडी रोख रक्कम वरच्या कप्प्यात असावी. पिशवी कुठे ठेवली आहे हे तुमच्याखेरीज आणखी दोघांना माहीत असावे.

बाळंतिणीच्या खोलीविषयी आधीच बोलून घ्यावे

डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा आणि ओवा यांची जमवाजमव आठव्या महिन्याच्या अखेरीस करावी, कारण खारीक कुटणे आणि डिंक तळणे ही वेळ खाणारी कामे आहेत आणि बाळ आल्यावर घरात कोणालाही सवड नसते. मालीशवाल्या बाईंनाही आताच सांगून ठेवावे. त्यांच्याशी बोलताना नखे कापलेली असावीत, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवाव्यात आणि बाळाच्या नाकाकानात तेल घालू नये, हे स्नेहाने पण स्पष्ट सांगावे.

शेक-शेगडीचा विषय काही घरांत नाजूक असतो. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवल्यास विषारी वायू साठतो आणि धुरीचा धूर बाळाच्या छातीला सोसत नाही. कमरेला ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरेशी असते. जन्मल्यावर बाळाला मध, गूळपाणी किंवा घुटीही चाटवू नये. सासूबाई किंवा आजी यांना हे प्रसूतीच्या दिवशी, सगळे दमलेले असताना सांगायला गेले की मने दुखावतात. त्याऐवजी शेवटच्या एखाद्या तपासणीला त्यांना बरोबर न्यावे आणि डॉक्टरांनाच विचारू द्यावे. ज्येष्ठ बाईला मान राहतो आणि प्रश्नही सुटतो.

सिझेरियन ठरले असेल तर मुहूर्ताचा आग्रह धरू नये. वैद्यकीय कारण नसताना 39 आठवड्यांच्या आधी शस्त्रक्रिया केल्यास बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, आणि ग्रहयोग कितीही चांगला असला तरी त्यासाठी बाळाच्या फुप्फुसांवर ताण आणणे योग्य नाही. उलट, डॉक्टरांनी कारण सांगून सिझेरियनचा निर्णय घेतला तर आपण कुठे कमी पडलो, असे मनाला लावून घेऊ नये.

हे दिवस सुखाने कसे घालवावेत

पोट खाली उतरले की श्वास थोडा मोकळा होतो, पण कंबर, ओटीपोट आणि लघवीच्या फेऱ्या झोपू देत नाहीत. कुशीवर झोपावे, शक्यतो डाव्या. गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटाखाली घडी केलेली गोधडी ठेवली की कमरेवरचा भार हलका होतो. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, म्हणून ते टाळावे. मात्र मध्येच जाग आली आणि आपण उताण्या आहोत असे दिसले तर कूस बदलून पुन्हा झोपावे, काळजी करत बसू नये. रात्रीची झोप अपुरी राहिली तर दुपारी झोपावे, आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागू नये.

भरपेट जेवणाऐवजी दर अडीच-तीन तासांनी थोडे थोडे खावे, म्हणजे जळजळ कमी होते. मऊ भात-वरण-तूप, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, अंडे किंवा उसळ, ताक, फळे असे साधे, ताजे अन्न उत्तम. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. बाळ लहान राहावे म्हणून कमी खाण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. लवकर मोकळे व्हावे म्हणून एरंडेल पिण्याचाही नाही, कारण त्याने जुलाब होऊन अंगातले पाणी कमी होते आणि प्रसूतीपूर्वीच अशक्तपणा येतो.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे संथ चालावे. मैत्रीण, बहीण किंवा नवरा बरोबर असेल तर चालणे व्यायाम वाटत नाही. नवरा दुसऱ्या गावी असेल तर दिवसातली एक वेळ ठरवून रोज बोलावे, आणि त्या बोलण्यात बिले, सामान आणि तारखा यांना शक्यतो जागा देऊ नये. नावांची यादी करावी, त्यावर भांडावे, हसावे. आईकडून डोक्याला तेल लावून घ्यावे. गजरा माळावासा वाटला तर कारण शोधू नये. मोठे मूल असेल तर त्याला रोज थोडा वेळ केवळ त्याचा म्हणून द्यावा, आणि तुम्ही दवाखान्यात असताना ते कोणाजवळ झोपणार, हे त्याला आधीच सांगावे. चार रात्री त्याची सवय करून पाहिली तर आणखी चांगले.

या काळात मनाला सर्वांत जास्त शीण आणणारी गोष्ट म्हणजे "अजून काही नाही का?" असे विचारणारे फोन. विचारणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो, पण दिवसातून दहा वेळा तेच उत्तर देणाऱ्या बाईला आपणच कोणाला तरी ताटकळत ठेवल्यासारखे वाटू लागते. घरातल्या एकाने सर्व नातेवाइकांना "आम्ही स्वतःहून कळवू" असे सांगून टाकावे, आणि ते फोन त्यानेच घ्यावेत.

संध्याकाळची एक वेळ मात्र रोज राखून ठेवावी. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडावे, फोन दूर ठेवावा, तळहात पोटावर ठेवून बाळाच्या हालचाली मोजाव्यात. लाथ, वळवळ, कोपराचा उंचवटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकणे, हे सगळे मोजायचे. उचकीसारखे एका तालातले ठोके मोजायचे नाहीत. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात आणि बहुधा त्या पुष्कळ आधीच पूर्ण होतात. हळूहळू बाळाची वेळ आणि ढब कळू लागते. शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलते, असे पुष्कळ जणी सांगतील. हालचालींचा प्रकार बदलतो हे खरे, पण त्या मंदावणे स्वाभाविक नाही. दहा भरल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा वेगळे वाटले, तर गोड खाऊन सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच वेळी दवाखान्यात जावे.

कळा ओळखणे आणि निघणे

नवव्या महिन्यात पोट अधूनमधून घट्ट होते आणि पुन्हा सैल पडते. या खोट्या कळा अनियमित असतात, आणि कूस बदलल्यावर, चालल्यावर किंवा पाणी प्यायल्यावर ओसरतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, ते अंतर कमी होत जाते, जोर वाढत जातो आणि दुखणे बहुधा कमरेतून पुढे येते. पहिलटकरणीने साधारणपणे दर 5 मिनिटांनी, 1 मिनिट टिकणाऱ्या कळा 1 तास येत राहिल्या की निघावे. तोवर घरात फिरावे, पेज किंवा सरबत घ्यावे, कोमट पाण्याने अंघोळ करावी आणि कळेच्या वेळी श्वास हळूहळू तोंडावाटे सोडावा. दुसरे बाळंतपण वेगाने पुढे सरकते, म्हणून त्या बाईने कळा नियमित होताच निघावे. ज्यांना घाट उतरायचा आहे किंवा पावसाळ्यात ज्यांच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली जातो, त्यांनी हे आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांशी आधीच बोलावे आणि दिवस भरत आले की दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा.

रक्ताची किंचित छटा असलेला चिकट स्राव जाणे हे प्रसूती जवळ आल्याचे लक्षण आहे. तेवढ्यानेच धावत सुटण्याची गरज नसते. पाणी गेले तर मात्र कळा नसल्या तरी निघावे. वेळ लक्षात ठेवावी, पॅड लावावे आणि पाण्याचा रंग पाहावा. तो हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते, म्हणून तिथे पोहोचताच ते सांगावे.

पाळीसारखा लालभडक रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, छातीच्या खाली पोटात तीव्र दुखणे, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, ताप, झटका, किंवा तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज, यांपैकी काहीही झाले तर तारखेला किती दिवस उरले आहेत याचा विचार न करता निघायचे असते. यांतली काही लक्षणे रक्तदाब वाढल्याची आणि खाज यकृताच्या त्रासाची असू शकते. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त भरला, तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना लगेच कळवावे. दुचाकीवरून जाऊ नये.

बाळ जन्मल्यावर त्याला उघड्या छातीवर घेऊन पहिल्या तासातच अंगावर पाजण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे पिवळसर चीक त्याच्या पोटात जातो. ही इच्छा प्रसूतीच्या खोलीत जाण्यापूर्वीच परिचारिकांना सांगून ठेवावी; सिझेरियन झाले तरी मदतीने हे पुष्कळदा जमते. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि 24 तासांच्या आत कावीळ-बीची लस दिली गेली का, हे सोबतीच्या माणसाने पाहावे. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी, म्हणून आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे एका कागदावर लिहून फायलीत ठेवावे. आशाताई घरी येऊन 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी बाळाला आणि तुम्हाला पाहतात. बाळाचे वजन किंवा पाजण्यातली अडचण असो, किंवा दोन आठवडे उलटूनही थांबत नसलेले तुमचे स्वतःचे रडू असो, त्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलावे. माहेरी राहणार असाल तर तिथल्या आशाताईंना तुमचे नाव, फोन आणि घराची खूण प्रसूतीपूर्वीच देऊन ठेवावी.